अर्ध्या ताटाचं पनवेल

पनवेलला कुणी जात नाही, पनवेलवरून जातात. कोकणात निघालेले, गोव्याला निघालेले, सगळे इथं गाडी थांबवतात, चहा पितात, वडा खातात आणि पुढं जातात. मी निघाले तेव्हा सोलापुरातली माझी शेजारीण म्हणाली, "पनवेलला काय बघायचंय ओ?" मी म्हटलं, "भाऊ बघायचाय." ती म्हणाली, "तो तर फोटोत पण दिसतो की." म्हटलं, बाई, फोटोत दिसला म्हणूनच निघालेय.

फोटो पाठवला होता दादाच्या सुनेनं, सायलीनं. दादाची मान सदऱ्यातून अशी वर आली होती की सदरा दुसऱ्या कुणाचा वाटावा. खाली लिहिलं होतं, "आत्या, बाबा ऐकत नाहीत. याल का?" सायली तक्रार करणारी मुलगी नव्हे. नवरा मस्कतला नोकरीला, सासू सव्वा वर्षापूर्वी गेली, घरात ती आणि म्हातारा सासरा. मी त्याच संध्याकाळी बॅग भरली. वाटेतल्या प्रवासाचं काही सांगण्यासारखं नाही, समोरचा माणूस घोरत होता.

सांगते ते पुढच्या आठवड्याचं, आणि रागात सांगते. राग अजून उतरलेला नाही. ज्यांना डोंगर आणि धबधबे वाचायचे असतील त्यांनी दुसरं काहीतरी उघडावं.

कामोठे

कामोठ्यात जुन्या गावाला चहूकडून इमारतींनी धरलंय. एकेका इमारतीवर शिकवण्यांच्या पाट्या इतक्या की इथं जन्मलेलं मूल आधी क्लासला जातं आणि मग बारशाला, असं वाटावं. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती. मी धापा टाकत वर गेले तर दादानं दार उघडलं, आणि उघडल्यावर चौकट सोडली नाही. हसला. म्हणाला, "शके, जाड झालीस."

"आणि तू काय झालायस, आरशात बघितलंस?" मी चपला काढायच्या आत सुरू झाले. आमचं असंच असतं.

जेवायला सायलीनं वालाचं बिरडं केलं होतं आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडं ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि वर कच्चा कांदा. तिच्यापुढं ही पांढरी मऊ भाकरी मला आधी आजाऱ्याची वाटली होती, पण बिरड्यात बुडवली की माणूस गप्प होतो. मी दुसरी मागितली आणि मग दादाचं ताट बघितलं.

स्टीलच्या ताटावर मधोमध लाल नेलपॉलिशची रेघ. उजव्या बाजूला अर्धी भाकरी, दोन चमचे बिरडं. डावी बाजू कोरी.

"हे काय?"

"अर्धं ताट," दादा म्हणाला. "डावी बाजू रिकामी ठेवायची. सरांनी सांगितलंय."

डावी बाजू म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, सगळं डावीकडं. त्या कुठल्याशा सरानं म्हाताऱ्याचं जेवण निम्मं केलं आणि वर मीठही काढून घेतलं. सायली हळूच म्हणाली, "भाजीसुद्धा अळणी लागते त्यांना." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

दादा मला समजावायला लागला. उंदरांवर प्रयोग झालेत म्हणे. अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांच्या हृदयाच्या नसा म्हातारपणी तरुण राहतात. नसा तरुण तर हृदय तरुण.

आता बघा. मी उभा जन्म मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढलाय, शरीरक्रियाशास्त्राच्या. उंदरांना खायला घालणं, मोजणं, त्यांची छाती ऐकणं, हे माझं काम. आणि हा टेलिफोन खात्यातला माणूस मला उंदीर शिकवतो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तरी मी शांतपणे सांगितलं, म्हणजे मला जमतं तेवढ्या शांतपणे. हृदय स्वतःचं स्वतः धडधडतं, पण त्याला दोन तऱ्हेचे तंतू येऊन मिळतात. एक हाकणारे, एक लगाम धरणारे. आपण जिना चढलो की हाकणारे जोर करतात, झोपलो की लगाम ओढला जातो. वय झालं की लगामाची पकड सैल होते, आणि हाकणाऱ्यांचं असं होतं की ते ओरडतात जास्त पण हृदयाला ऐकू येतं कमी. म्हणून म्हातारा माणूस पटकन उभा राहिला की हृदयाला वेळेवर निरोप पोचत नाही, आणि डोळ्यापुढं अंधारी येते. कमी खाल्लेल्या उंदरांत हे सगळं जरा उशिरा बिघडतं, असं काही प्रयोगांत दिसलंय. ते मी नाकारत नाही.

"मग?" दादा म्हणाला.

"मग तो उंदीर तरणाताठा असल्यापासून कमी खातो. त्याला त्या थोडक्यात सगळी जीवनसत्त्वं, सगळे क्षार मोजून देतात. तो उबदार पिंजऱ्यात असतो. त्याला तीन मजले चढून भाजी आणायची नसते. आणि कुठल्याही उंदराला त्याची बायको मेल्यावर एकदम अर्ध्या जेवणावर आणत नाहीत."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं असं नाही, बोलायलाच हवं होतं, पण त्यावर दादा उठला. भिंत धरून उठला. मी त्याचं मनगट पकडलं. नाडी लागली, पण एका ठोक्यानंतर दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. मी त्याला डॉक्टरकडं चल म्हटलं. तो म्हणाला, रविवारी कोनला कार्यक्रम आहे, माझा सत्कार आहे, तो होऊ दे.

पनवेल

दादाची सकाळ पनवेलच्या जुन्या बाजारात जाते, याकूबभाईच्या दुकानात. दोर, सुतळी, जाळी असलं सगळं तिथं मिळतं आणि दुकानात शिरलं की तागाचा वास नाकात बसतो. याकूबभाई आणि दादा तरुणपणापासूनचे दोस्त. त्याची दोन पोरं कुवेतला आहेत, तरी हा गल्ला सोडत नाही. आमच्याकडं पाहुण्याला आधी पाणी देतात. त्यानं आधी खजूर दिले आणि मग पाणी विचारलं. दादापुढं बशी आली तेव्हा दादानं एक खजूर उचलला, त्याचे दोन भाग केले, अर्धा परत ठेवला.

दादा शेजारच्या गाळ्यात वर्तमानपत्र आणायला गेला तसा याकूबभाई पुढं झुकला.

"ताई, बरं झालं तुम्ही आलात. गेल्या महिन्यात ह्या पायरीवर पडले वसंतराव. उठले आणि खाली बसले, मधे काहीच नाही. मी म्हटलं, चला दवाखान्यात. तर मला म्हणतात, घरी सांगितलंस तर दुकानात येणार नाही."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं. दुकानात यायचे बंद झाले असते तर कुणी उचललं असतं त्यांना?" तो पुढं म्हणाला, "आम्ही पण रोजे धरतो ताई. पण आमच्यात बीमार माणसाला सवलत आहे, बुजुर्गाला सवलत आहे. ह्या सरांकडं सवलत नाही काय?"

मी विचारलं, हे खूळ शिरलं कुठून? तेव्हा कळलं ते असं. कुसुमवहिनी गेली ती अचानक, जेवणानंतर. तिचे डॉक्टर म्हणाले, हार्टची नस ब्लॉक झाली. दोनेक महिन्यांनी दादाला चक्कर यायला लागली म्हणून तो एका डॉक्टरीणबाईकडं गेला. ती म्हणाली, हार्टची नस कमजोर झालीय, वयामुळं. दादा थेट दुकानात आला आणि याकूबभाईला म्हणाला, "माझी पण तीच नस गेली." मग कुणीतरी त्याला सरांच्या व्याख्यानाला नेलं.

घरी येऊन मी दादाच्या गोळ्या बघितल्या. रक्तदाबाची एक, ती हृदयाचे ठोकेही मंद करते. बाकी ताकदीच्या. रक्ताची नळी चोंदलेल्या माणसाला देतात त्यातली एकसुद्धा नव्हती. तिथं मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी चुकतंय. पण दादा डॉक्टरकडं यायला तयार नाही, आणि पंचाहत्तरीच्या माणसाला मी कडेवर घेऊन जाणार थोडीच.

कोन

कोन हे द्रुतगती महामार्गाजवळचं गाव. जिथं भात पिकायचा तिथं आता लग्नाचे हॉल आहेत. त्यातल्या एका हॉलमध्ये सरांचा कार्यक्रम. सगळी माणसं दादाच्या वयाची, सगळ्यांचे सदरे ढगळ. बायका तर खुर्चीच्या दांड्याला धरून उभ्या राहत होत्या. सायली माझ्या कानात म्हणाली, "आत्या, प्लीज इथं भांडू नका हं." मी म्हटलं, बघू.

सर चाळिशीचे. बोलायला गोड, गाल चांगले वर आलेले. पडद्यावर दोन उंदरांची चित्रं होती, एक झडलेला आणि एक तुकतुकीत. मग दादाला वर बोलावलं. शाल, नारळ, टाळ्या. नारळ घेताना दादाचा हात खाली गेला, एवढं त्याला तो जड झाला. सर म्हणाले, "काकांनी एक वर्ष डावी बाजू शिवली नाही. आता काका पुढच्या टप्प्याला तयार आहेत. एक सप्ताह, फक्त पाण्यावर." आणि दादानं हात वर केला.

मी उठलेच. "मला एक विचारायचंय. हे दोन उंदीर तुम्ही स्वतः पाहिलेत का?"

सर हसले. "ताई, विज्ञानानं पाहिलेत."

"मी पाहिलेत. हाताळलेत. म्हाताऱ्या उंदराचं खाणं एकाएकी तोडलं तर आधी त्याचं मांस झडतं. हृदय मांसाचंच असतं. ह्या माणसाची नाडी धरून बघा आणि मग त्याला पाण्यावर ठेवा."

माझा आवाज चढला होता, हे मला मान्य आहे. सरांनी माईक जवळ घेतला आणि म्हणाले, "ताईंचं भावावर किती प्रेम आहे बघा. पण प्रेम म्हणजे खाऊ घालणं, हा आपल्याकडचा फार जुना आजार आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची बाई, जिच्या गळ्याची हाडं मोजता आली असती, तीसुद्धा टाळ्या वाजवत होती. सायलीनं माझा पदर ओढून मला खाली बसवलं. रिक्षात दादा तोंड फिरवून, नारळ मांडीवर धरून बसला होता.

असल्या लोकांना काय म्हणावं? खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, खोटं पकडता येतं. हे अर्धं खरं सांगतात, आणि उरलेलं अर्धं ऐकून घ्यायचं तर माईक त्यांच्याकडं असतो.

चिरनेर

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "चल, तुला चिरनेर दाखवतो." त्याला मला काही दाखवायचं नव्हतं, आपण धडधाकट आहोत हे सिद्ध करायचं होतं. याकूबभाईनं गाडी काढली. थंडीचे दिवस, रस्त्याच्या कडेला वीटभट्ट्या धुमसत होत्या, आणि भट्टीवर राबणाऱ्यांच्या झोपड्या विटांच्याच आडोशाला.

चिरनेरला तीसच्या सालात जंगल सत्याग्रह झाला. गावची माणसं कोयते घेऊन सरकारच्या रानात शिरली आणि गोळ्या झेलल्या. स्मारकापाशी दादा मला हे सांगत होता, आणि सांगताना छान दिसत होता. नोकरीत असताना इथं तारा ओढायला यायचा, तेव्हा जुनी माणसं त्याला बसवून घ्यायची आणि हे सगळं ऐकवायची. मी क्षणभर राग विसरले. पायरीवर बसून दादा तासभर बोलला असेल. मग "चला" म्हणून उठला, आणि जसा उठला तसा समोर कोसळला.

चेहरा कागदासारखा पांढरा. मी पाय वर उचलून धरले, याकूबभाई गाडीकडं पळाला. डोंगराकडून डोक्यावर मोळी घेऊन आलेली एक कातकरी बाई थांबली. मोळी टाकली आणि दादाचं डोकं मांडीवर घेतलं.

"काय खाल्लं नाय काय यानी?"

"उपास आहे," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

"उपास?" ती विचारात पडली. "आज कंचा वार हाय?"

सोमवार होता. तिचं तेवढ्यानं समाधान झालं. तिनं कमरेच्या फडक्यातनं डबी काढली, तिच्यात मीठ घातलेली पेज होती. दादानं डोळे उघडल्यावर तिनं त्याला दोन घोट पाजले, आणि वार सोमवार असल्यामुळं त्याच्या वतीनं हात जोडले. डबीत उरलेली पेज बघून मला कळलं की ते तिचं दुपारचं जेवण होतं. मी पिशवीतली बिस्किटं तिला दिली. ती तिनं घेतली, मोळी उचलली आणि गेली.

पुन्हा पनवेल

आता दादाला विचारायचा प्रश्नच नव्हता. त्याच डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यात नेलं. तरुण मुलगी, हुशार. कार्डिओग्राम काढला, सलाईन लावलं, दादाला वजनकाट्यावर उभं केलं आणि मग तिचा चेहरा उतरला.

"आजोबा, इतके बारीक का झालात? गोळी तीच चालू आहे? अहो, ती तुमच्या आधीच्या वजनाची होती."

दादा म्हणाला, "नस चोंदलीय ना. म्हणून तेलतूप, मीठ, सगळं तोडलं. निम्म्यावर आलोय."

"कुणी सांगितलं चोंदलीय?"

"तुम्हीच. नस कमजोर झालीय म्हणालात."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्याकडं. मग आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं. आपल्या भाषेत रक्त वाहतं ती नस, आणि मेंदूचा निरोप जातो तीही नस. पायात गोळा आला तरी नस, हात बधिर झाला तरी नस. ती बोलत होती तंतूंबद्दल, जे वयानं सैल पडतात. हा ऐकत होता बायकोच्या नळीबद्दल, जी बंद पडली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"मग मज्जातंतू म्हणायचं," मी तिच्यावर घसरले. "एवढी शिकलात, एक शब्द नीट वापरता येत नाही?"

"मज्जातंतू म्हटलं की पेशंटला वाटतं डोक्यात बिघाड झाला," ती म्हणाली. "नस म्हटलं की निदान घाबरत नाहीत."

तिचं चूक नव्हतं, हेच मला सहन होईना. रागावायचं कुणावर, भाषेवर? पण ती मुलगी चांगली. दादाजवळ स्टूल ओढून बसली. विचारलं, कुठं नोकरी होती? टेलिफोन खात्यात, दादा म्हणाला. "मग तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तुमची पाइपलाइन बरी आहे. मी म्हणत होते ती तार. निरोपाची. ती वयानं जरा ढिली झालीय, सगळ्यांचीच होते. तुम्ही वर्षभर उपाशी राहून आणि मीठ सोडून ती आणखी मंद केलीत, वर ही गोळी. आता गोळी बदलते. जेवण हळूहळू वाढवायचं, मीठ नेहमीसारखं. महिनाभरानं छातीला चोवीस तासांचं मशीन लावून बघू. ठोके वर आले तर उत्तम. नाही आले तर पेसमेकर. आणि पाण्यावरचा सप्ताह केलात तर मला बोलावू नका, मी येणार नाही."

"तार," एवढंच दादा म्हणाला.

कामोठे

मला वाटलं, संपलं. दवाखान्यातनं घरी आणलं, सायलीनं रेघेचं ताट आधीच भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. दुसऱ्या दुपारी तिनं मऊ भाकऱ्या केल्या, बिरडं केलं, आम्ही तिघं बसलो. दादा ताटाकडं बघत बसला. हात पुढं जाईना.

माझा पारा चढलाच. "आता काय राहिलंय? नळी स्वच्छ आहे म्हणून सांगितलं तिनं. तुझ्या कानांनी ऐकलंस. मग जेवायला काय धाड भरलीय?"

"कळलंय मला," दादा म्हणाला. "डोक्याला कळलंय."

"मग?"

तो सायलीकडं न बघता बोलला. "कुसुमनं त्या दिवशी अर्धीच भाकरी मागितली होती. नको म्हणत होती, पोट जड वाटतंय म्हणाली. मी अख्खी वाढली. म्हटलं, खा गं, थंडीचे दिवस आहेत. तिनं माझ्यासाठी खाल्ली. मग पाणी मागितलं."

सायलीचा हात ताटात तसाच राहिला. हे तिलाही माहीत नव्हतं.

मी बोलायला तोंड उघडलं. नळी भाकरीनं बंद होत नाही, ती वर्षानुवर्षं चोंदत आलेली असते, पोट जड वाटत होतं म्हणजे आजार आधीच सुरू झालेला होता, हे सगळं मी सांगितलं. तावातावानं सांगितलं. दादा मान हलवत ऐकत होता, जसा तो सगळ्यांचं ऐकतो. मग माझं बोलणं संपलं, आणि मी टोपल्यातली भाकरी उचलली आणि त्याच्या ताटात वाढायला गेले.

त्यानं माझं मनगट धरलं. धरण्यात जोर नव्हता.

"तू वाढू नकोस, शके. मी घेतो."

"का रे? माझ्या हाताला काय झालंय?"

"उद्या मला काही झालं," दादा म्हणाला, "तर तुला वाटायला नको, की तू वाढली होतीस."

मी भाकरी परत टोपल्यात ठेवली. त्यानं ती स्वतः घेतली, अख्खी घेतली, मोडली, आणि पहिला घास तोंडात घालून चावत राहिला. सायली आणि मी त्याच्या गळ्याकडं बघत होतो, घास खाली उतरेपर्यंत.